दाजी, फुले पुढेही काही बोलले होते

परवा सकाळी सहाच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज ढकलला. वर हात जोडलेली चिन्हं, खाली "एक प्रामाणिक करदाता" अशी सही. मजकूर थोडक्यात असा: तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली असले विषय शिकवणारे प्राध्यापक आठवड्याला दोन तास बोलून महिन्याला अडीच लाख उचलतात. देशातले मूठभर करदाते त्यांना पोसतात. डॉक्टर-इंजिनिअर देश घडवतात, तत्त्वज्ञांनी आजवर टाचणीसुद्धा शोधली नाही. डेक्कन कॉलेजात पंच्याहत्तर वर्षं संस्कृतचा शब्दकोश चाललाय आणि अजून 'अ' संपत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी स्वतःच्या पैशाने करावी. आणि शेवटी ठळक अक्षरांत: "महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारला हेच सुनावलं होतं!"

असले मेसेज मी न वाचता पुसतो. हा पुसला नाही, कारण शनिवारी माझ्या भाचीची एम.ए.ची फी भरायची शेवटची तारीख आहे, विषय तत्त्वज्ञान, आणि मेसेजखाली दाजींनी स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं, "विचार करावा." ग्रुपवर बावीस माणसं. विचार कोणी करायचा ते बाविसांनाही कळलं. दुपारी भाचीने ग्रुप सोडला.

मी टॅक्सची कामं करतो. माझी चूल करदात्यांवरच पेटते, त्यामुळे करदात्यांची बाजू मला कुणी शिकवू नये. मुद्दे क्रमाने घेणार नाही. फुल्यांपासून सुरू करतो, कारण डोकं तिथेच फिरलं.

शिक्षणाची चौकशी करायला इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढचं फुल्यांचं निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चं आहे, मूळ इंग्रजीत. सही करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे, पत्ता जुना गंज पेठ. माझ्या ऑफिसातून निघालं तर चालत वीस मिनिटं. त्यात ते म्हणतात की सरकारची तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि वरचे वर्ग तिच्यात जवळजवळ काहीच टाकत नाहीत. शिक्षणाचा फायदा मात्र त्यांनाच. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, असं मागतात. कॉलेजांतून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, असाही टोला आहे. हे सगळं त्यात आहे. मेसेज लिहिणाऱ्याने इथवर वाचलं असेल, किंवा इथवर वाचलेल्या कुणाकडून ऐकलं असेल.

पण त्याच निवेदनात उच्च शिक्षणाचा भाग आहे. तिथे फुले लिहितात की सरकारने वरच्या शिक्षणाची भरपूर सोय केली आणि बहुजनांचं शिक्षण वाऱ्यावर सोडलं ही ओरड काही अंशी रास्त आहे. आणि लगेच पुढे: असं असलं तरी देशाचं भलं चिंतणारा कुणीही, सरकारने आज उच्च शिक्षणाची मदत काढून घ्यावी असं म्हणणार नाही. एक वर्ग मागे राहिलाय, त्याचीही तेवढ्याच कळकळीने काळजी घ्या, एवढंच मागणं. मदत काढली तर एकूण शिक्षणाच्याच प्रसाराला धक्का बसेल. ज्या माणसाकडे सरकारवर चिडायला सगळ्यांत जास्त कारण होतं, त्याने 'बंद करा' म्हटलं नाही, 'आम्हालाही द्या' म्हटलं. त्याचं नाव घेऊन कॉलेजला कुलूप मागायचं, तेही पुण्यात बसून? वर ज्याला फुल्यांचं प्रेम उतू चाललंय त्याच्या पाच मुद्द्यांत प्राथमिक शाळेचा एक शब्द नाही. वाचलेला पैसा झेडपीच्या शाळेला द्या, असं कुठेही म्हटलेलं नाही.

आणि मदत काढली तर काय होईल? तत्त्वज्ञान बंद पडणार नाही. डेक्कन जिमखान्यावर ज्यांचे तीन फ्लॅट भाड्याने आहेत त्यांची मुलं ते शिकतील, लंडनला जाऊन शिकतील. बंद होईल भाचीच्या वर्गातल्या त्या अंबाजोगाईच्या मुलाचं. तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, रात्री दीडपर्यंत पार्सलं पोचवतो आणि सकाळच्या तासाला दुसऱ्या बाकावर डोळे ताणून बसतो. सरांनी त्याला एकदा विचारलं, झोप येते तर येतोस कशाला? तो म्हणाला, घरी कुणी असं बोलत नाही, म्हणून. हे मला भाचीने सांगितलं. ती कधी नव्हे ते हळू बोलत होती.

आता पगार. अडीच लाख घेणारे आहेत, मी त्यांचीही रिटर्न भरतो. पण तो निवृत्तीला टेकलेल्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा आकडा झाला. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने त्याला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. हीसुद्धा नशीबवानांची गोष्ट. माझ्याकडे दर जुलैत एक जण येतो, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, दोन कॉलेजांत तर्कशास्त्र शिकवतो. दोन्ही शहराच्या दोन टोकांना, मध्ये पीएमपीची बस. यंदा पासबुक उघडून बसलो तर फेब्रुवारीतल्या तासांचे पैसे सप्टेंबरात जमा. मे महिना कोरा. त्याला कर बसतच नाही, रिटर्न भरतो ते दुचाकीच्या कर्जासाठी. माझी फी घ्यायला मला लाज वाटली. (घेतली. ऑफिसचं भाडं मलाही आहे.) हा माणूस करदात्यांना लुटतोय म्हणे.

मूठभर करदाते? आयकर भरणारे थोडे आहेत, हे खरं. पण दाजी, तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी मोबाईलला रिचार्ज मारतात तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी भरतात, आणि तुम्ही मारता तेव्हा तुम्हीही तेवढाच. 'करदाता' म्हणून छाती फुगवताना त्यांनाही शेजारी उभं करा.

टाचणीचा मुद्दा. संगणकामागचं तर्कशास्त्र वगैरे उत्तर देता येईल, पण ते सगळेच देतात. मी कायद्याचं देतो. नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे २०१९ चे नियम आहेत. माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. कमिटीत किमान सात जण, त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ, आणि एक स्वतंत्र सदस्य जो समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार असावा. तत्त्वज्ञच हवा असं नाही, हे मान्य. पण त्याचं नाव नियमात आहे. नाक्यावरच्या मजुराला चाचणीसाठी दिलेले पैसे हा बुडालेल्या रोजाचा मोबदला की गरजेचा फायदा उठवणं, हे कुठल्या इंजिनिअरिंगमध्ये शिकवतात? कोव्हिशिल्डच्या चाचण्या आपल्या पुण्यातही झाल्या आणि ती लस आपल्यातल्या बहुतेकांनी घेतली. आणि हो, दाजींचा पुतण्या यूपीएससी करतोय. २०१३ पासून तिथे नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. त्याच्या क्लासची फी दाजींनीच भरली, तेव्हा कुणी विचार केला नाही.

राहिला शब्दकोशाचा 'अ'. इथे मी थोडा गप्प होतो. कोशाचं काम १९४८ साली भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं, पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं, आणि गाडी 'अ'मध्येच आहे हे खरंय. कुठल्याही हिशेबाने हे फार हळू आहे आणि सरकारी खाक्याचा त्यात वाटा नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही. पण काम काय आहे तेही बघा. ऋग्वेदापासून पुढे सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचून कोटीच्या घरात चिठ्ठ्या केलेल्या, लोखंडी कपाटांच्या खणांत लावलेल्या. एकेका शब्दाचा अर्थ कोणत्या काळात कसा वळला ते चिठ्ठी चिठ्ठी पाहून लिहायचं. माणसं वाढवा, वेळापत्रक मागा, जाब विचारा. मी सोबत येतो.

हौशीच्या पैशाने करा म्हणणाऱ्यांना जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर माहीत असावं. गिरणीमालक प्रताप शेठनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, साने गुरुजी तिथेच शिकायला गेले. छानच झालं. पण किती गावांत प्रताप शेठ जन्मले? पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ. १९१९ ला सुरू, १९६६ ला पूर्ण, १,२५९ हस्तलिखितं, एकोणीस खंड. संपादक सुकथनकर १९४३ ला गेले, मग बेलवलकर, मग वैद्य. औंधच्या पंतप्रतिनिधींनी पैसा दिला, निजामाच्या नावाचं अतिथिगृह अजून आवारात उभं आहे, आणि तरी सरकारी अनुदानही लागलंच. सत्तेचाळीस वर्षं एकट्याने थांबणारा देणगीदार मी तरी माझ्या फायलींत पाहिलेला नाही. माझ्याकडे येतात ते ३१ मार्चच्या आत करसवलतीची पावती हवी असणारे.

दाजी, फुल्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलंय, म्हणजे तुमच्या-माझ्या आणि मावशींच्या पैशाने. हंटरपुढचं निवेदन त्यात आहे. माझी प्रत ऑफिसच्या टेबलावर आहे, भाचीने पेन्सिलीने खुणा केलेली. शुक्रवारी या, मी सातपर्यंत असतो. फी ऑनलाइन भरायची आहे, तेही तिथूनच करू.