तीन आळंद्या आणि एक गोणी

वारीत पाय दुखतात हे सगळे सांगतात. पाय दुखायला सुरुवात होते त्या जागेपर्यंत पोचायचं कसं, हे कोणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की आळंदीहून पंढरपूरला चालत जाणं सोपं. पुढच्याच्या टाचा बघत चालायचं, चुकायची सोयच नाही. अवघड आहे ती आळंदी गाठायची वारी, आणि तिथला सगळा घोळ नावांचा आहे.

सुरुवात तारखेपासून होते. माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. रेल्वेला अष्टमी कळत नाही. २०२३ साली ही अष्टमी ११ जूनला धरली, २०२४ साली २९ जूनला, २०२५ साली १९ जूनला. एरवी तिथी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि मध्ये अधिक महिना पडला की पुढच्या खेपेला अठरा-एकोणीस दिवस पलीकडे उडी मारते. 'गेल्या वर्षी एकोणतीसला होतं' या आठवणीवर तिकीट काढणारा आळंदीला उतरतो, तेव्हा पालखी फलटणच्या आसपास असते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे पंचांग आंब्याच्या दिवसांतच उघडायचं. तुकोबांच्या पालखीवाल्यांनी आणखी एक दिवस वजा करावा. देहूचं प्रस्थान सप्तमीला असतं.

आता स्टेशन. पुणे-मिरज मार्गावर आळंदी नावाचं स्टेशन खरोखर आहे. पाटी आहे, फलाट आहे. ज्ञानेश्वर महाराजांची समाधी मात्र नाही. पुणे जिल्ह्यात आळंद्या तीन: देवाची, चोराची आणि म्हातोबाची. हे स्टेशन पुण्याच्या आग्नेयेला, फुरसुंगीच्या पुढे. देवाची आळंदी शहराच्या उत्तरेला, इंद्रायणीकाठी. मोबाईलवर नुसतं 'आळंदी' टाकून पहिलं उत्तर दाबणारा भाविक या स्टेशनावर उतरतो आणि गर्दी का नाही म्हणून आधी खूश होतो. ही खुशी फार टिकत नाही.

त्याच मार्गावर 'सासवड रोड' आहे. घाट टाळून एकदम सासवडच्या मुक्कामाला पालखी गाठू म्हणणाऱ्यांसाठी हा खास सापळा. स्टेशन हडपसरच्या बाजूला, सासवड दिवे घाटाच्या वर. तेव्हा घाट काही टळत नाही. तिकडे लोणावळा लोकलवरचं 'देहूरोड' म्हणजेही देहू नव्हे. स्टेशनच्या नावात 'रोड' दिसला की समजावं, उरलेला रोड आपल्याला तुडवायचा आहे. उशिरा येणाऱ्यांना मी जेजुरी सुचवीन. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही त्या मार्गावरची सरळ माणसं. नाव तेच, गाव तेच, आणि पालखीही तिथूनच जाते.

एसटीनं येणाऱ्यांनी हसू नये. पुण्याचा शिवाजीनगर स्टँड २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला गेला; नाव मात्र जुन्या सवयीनं चालूच राहिलं. पुढे शहर बसच्या कपाळावर 'आळंदी' लिहिलेलं असतं, पण प्रस्थानाच्या दिवसांत गावात वाहनं सोडत नाहीत. बस अलीकडेच थांबते आणि कंडक्टर म्हणतो, "आली आळंदी." तिथून पुढे किती चालायचं हे बंदोबस्त ठरवतो. म्हणून नवी चप्पल घालून घरून निघू नये. पंढरपूरच्या वाटेवर यायचा तो फोड आळंदीच्या अलीकडेच येतो.

पोचलात, आता दिंडी शोधा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेली असते, दिंडीचा नंबर पाठ असतो. तरी समजा नंबर पंधरा, तर पहिला प्रश्न येतो: रथापुढची की रथामागची? पुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या सगळ्या मागे, आणि मोजणी दोन्हीकडे एकपासून. म्हणजे पंधरा नंबरच्या दिंड्या दोन, त्यांचे ट्रकही दोन, उतरायच्या जागाही दोन. चुकीच्या पंधरा नंबरात गेलात तर जेवायला वाढतात, ही खरी पंचाईत. चूक झाल्याचं हात धुतल्यावर कळतं.

फोनचा भरवसा नाही. प्रस्थानाच्या संध्याकाळी रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि फोन लागत नाही, कारण त्याच टॉवरवर लाखभर माणसं एकदम "कुठंयस?" विचारत असतात. साधा मेसेज कधीतरी पोचतो. त्यात 'पुलाजवळ' लिहू नये. जुना पूल आहे, नवा पूल आहे. ठिकाण आणि वेळ घरूनच ठरवून निघावं. हाक मारायची तर माणसाच्या नावानं, पुढे गाव जोडून. "ओ माउली!" म्हटलं की इंद्रायणीचा अख्खा घाट मागे वळून बघतो.

शेवटचा मुक्काम ट्रक. सामान दोन भागांत हवं. अंथरूण-पांघरूण आणि जादा कपडे ट्रकात. गोळ्या, पाणी, इरलं, एक कोरडा जोड आणि दिंडीचं ओळखपत्र खांद्यावर. ट्रक वेगळ्या रस्त्यानं पुढे जातो आणि संध्याकाळीच भेटतो; रक्तदाबाची गोळी त्याच्याबरोबर गेली तर रक्तदाब तेवढा तुमच्याबरोबर राहतो. ट्रकातल्या वळकट्या बहुतेक खताच्या पांढऱ्या गोणीत असतात. दीडशे गोण्या, सगळ्यांवर युरिया. कागदी चिठ्ठी पहिल्या सरीत विरघळते, म्हणून ऑइलपेंटनं नाव, गाव, दिंडी नंबर आणि 'पुढे' किंवा 'मागे' हा शब्द लिहावा. खूण म्हणून भगवी चिंधी बांधू नये, ती सगळ्यांनी बांधलेली असते. जुन्या फुलाफुलांच्या साडीचा काठ उत्तम.

एवढं करूनही तुम्ही पोचता तेव्हा तुमची गोणी कुणाच्या तरी उशाखाली असते. त्याला हलवून "माउली, गोणी माझी आहे" म्हणावं. तो डोळे न उघडता "घ्या की माउली" म्हणतो, आणि कूस बदलून तिच्यावर पायही टाकतो.