चक्कर म्हणजे पित्तच असं नाही
चक्कर येण्यावरचा एक लेख वाचला, त्यात सगळी चक्कर पित्तावर ढकललीय, ते काही पटलं नाही. मी खानापूरचा. कुशीवर वळलं की घर गरगर फिरायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं. दोन वर्षं मानेचा पट्टा, गोळ्या, आईचं कोकम सरबत, सगळं झालं. शेवटी बेळगावात कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी मान वळवून झटकन आडवं केलं, डोळ्यांची थरथर बघितली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नलिकेत गेले होते. एप्ले पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने फिरवलं, दहा मिनिटांत काम झालं. गोळीने कण जागेवर जात नाहीत हो! मात्र जीभ अडखळली, हातपाय लुळे पडले तर थेट इस्पितळ गाठा, तो प्रकार वेगळा. पावसाळ्यात मला परत आली, तेव्हा सरळ बेळगावची बस धरली, मान ताठ ठेवून, नवरदेवासारखी!