दारू ग्रॅममध्ये मोजा

दारूच्या बाटलीवर दोन आकडे हमखास छापलेले असतात. आत किती मिलिलिटर आहे आणि त्यात अल्कोहोल किती टक्के आहे. हे दोन आकडे न वाचता कुणी "मी लिमिटमध्येच घेतो" म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. जगभरातल्या आरोग्यसंस्था ज्या मर्यादा सांगतात त्या शेवटी शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅमवरच बेतलेल्या असतात. आपण मात्र बाटल्या, ग्लास आणि पेग मोजत बसतो.

हिशोब चौथीतल्या मुलालाही जमेल. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, आणि आलेल्या उत्तराला ०.८ ने गुणायचं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ४३ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास साधारण १५ ते १६ ग्रॅम. आता ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घ्या. ६५० गुणिले ८ भागिले १०० म्हणजे ५२, गुणिले ०.८ म्हणजे जवळजवळ ४२ ग्रॅम. एका बाटलीत दोन मोठे पेग! "दारू सोडली, आता फक्त बिअर घेतो" असं समाधानाने सांगणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने करावा. सोडा, पाणी, बर्फ घातल्याने चव सौम्य होते, ग्रॅम तेवढेच राहतात.

घरी ओतताना फसगत जास्त होते. रिकाम्या ग्लासात पाणी घ्या, नेहमी पेग भरता तितकंच, अंदाजाने. मग ते मापाच्या कपात ओतून बघा. रुंद बुडाच्या ग्लासात पातळी खाली दिसते आणि हात सैल सुटतो, त्यामुळे ६० चे ८०-९० सहज होतात. अशा तीन "पेगां"त खरं तर चार-साडेचार पेग पोटात गेलेले असतात.

आता मर्यादा. ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिट सांगितलेत. तिथलं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे ११२ ग्रॅम, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आठवड्याला १०० ग्रॅम आणि कुठल्याही एका दिवशी ४० ग्रॅमपेक्षा जास्त नको, असं म्हटलं. कॅनडाचं २०२३ चं मार्गदर्शन या तिघांत कडक आहे. आठवड्याला दोन ड्रिंकपर्यंत धोका कमी, तीन ते सहापर्यंत मध्यम आणि सातपासून पुढे वाढत जाणारा. तिथलं एक ड्रिंक साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, अमेरिकेतलं १४, ब्रिटनचं युनिट ८. म्हणून "दोन ड्रिंक चालतात" असं कुठे वाचलं की आधी बघावं, कुठल्या देशाचं ड्रिंक.

आणि हे आकडे म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजू नका. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने रेषा आखली ती साधारण या हिशोबाने, की आयुष्यभर तेवढं पिणाऱ्या १०० जणांतला एक जण दारूमुळे होणाऱ्या आजाराने किंवा अपघाताने जाईल. म्हणजे तो स्वीकारलेला धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. यामागचं मोठं कारण कॅन्सर. लिव्हर अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ पेशींच्या डीएनएला इजा करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन. स्तनाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या १० ग्रॅममागे साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. सोबत तंबाखू असेल तर तोंडा-घशाच्या कॅन्सरचे दोन धोके नुसते एकमेकांत मिसळत नाहीत, एकमेकांना फुगवतात.

"पण थोडी वाइन हृदयाला चांगली ना?" हा प्रश्न हटकून येतो. जुन्या अभ्यासांत अजिबात न पिणारे लोक थोडं पिणाऱ्यांपेक्षा आजारी दिसले. पण त्या "न पिणाऱ्यां"त तब्येत बिघडल्यामुळे सोडलेलेही बरेच होते. त्यांना वेगळं काढलं की फायदा खूप आटतो. रक्तदाब मात्र दारूने वाढतोच, आणि एका बैठकीत जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हृदयासाठी म्हणून कुणी प्यायला सुरुवात करू नये.

गरोदरपणात तर प्रमाणाचा प्रश्नच नाही, शून्य. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पिणं धोक्याचं आहे. लिव्हर अल्कोहोल हाताळण्यात गुंततं आणि नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं. साखर उतरली की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, घाम येतो, आणि सगळे म्हणतात चढलीय, झोपू द्या. तिथेच घात होतो. शंका आली की ग्लुकोमीटर लावा. झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांसोबत दारू घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

उतरण्याबद्दलही गैरसमज खूप आहेत. ७० किलोच्या पुरुषाचं शरीर तासाला साधारण ७ ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री नऊपासून चार मोठे पेग घेतले तर ८० ग्रॅम झाले. हिशोब सकाळी आठ-साडेआठला संपतो. बाराला झोपून सहाला गाडी काढणारा माणूस "झोप झाली, फ्रेश आहे" म्हणत असला तरी रक्तात दारू घेऊनच चाक धरतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तितक्याच ग्रॅमला रक्तातली पातळी जास्त चढते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला घेतलं ते. हा हिशोब केल्यावर काही जणांचा आकडा दिवसाला १०० ग्रॅमच्या पुढे येईल. घाबरून ते किंवा घरचे ठरवतील, उद्यापासून एक थेंब नाही. कृपा करून असं करू नका! रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीला तोंड द्यायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. दारू एकदम काढली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम, धडधड, उलट्या, बेचैनी. साधारण पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं, किडे दिसतात, दिवस-वेळ कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी आहे. घरात कोंडून "सुटेल आपोआप" म्हणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे.

ब्रिटनमधल्या उपचारपद्धतीत दिवसाला १५ युनिट, म्हणजे १२० ग्रॅम, साधारण सहा मोठे पेग, यापुढे गेलेल्या माणसाची दारू वैद्यकीय देखरेखीखाली सोडवण्याचा विचार करतात. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल तर दाखल करून सोडवण्याचा विचार करतात. पण आकडा कमी असला तरी सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊनच सोडा. डॉक्टर काही दिवस बेन्झोडायझेपिन, म्हणजे मेंदूची उत्तेजना शांत करणारं औषध, देऊन ती कमी कमी करत थांबवतात, आणि बी-१ म्हणजे थायमिन देतात. अशा माणसाला ग्लुकोजची सलाइन लावायची वेळ आली तर थायमिनची आठवण जरूर करून द्या. नीट न जेवता पिणाऱ्यांत त्याचा साठा रिकामा असतो. मग गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं असं सुरू होतं, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते.

दुसरी गोष्ट तितकीच गंभीर. जेवणात गुपचूप मिसळायची "दारू सोडवायची गोळी". ती बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ती अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे सरकू देत नाही, त्यामुळे दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल, त्याची संमती असेल आणि शेवटच्या पेगला किमान १२ तास उलटले असतील तरच. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा प्यायला बसेल. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो, हे तर देणाऱ्यालाही माहीत नसतं. घरच्यांची हतबलता मला पूर्ण कळते, तरीही हे करू नका.

त्यापेक्षा डॉक्टरांना नालट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेटबद्दल विचारा. पहिलं पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं. मात्र अफूवर्गीय औषधं चालू असतील किंवा लिव्हर फार बिघडलं असेल तर देत नाहीत. दुसरं सोडल्यानंतर टिकून राहायला मदत करतं, पण किडनी तपासून द्यावं लागतं. समुपदेशनासोबत या गोळ्यांचा उपयोग होतो आणि तरीही गरज असलेल्या फार थोड्या लोकांपर्यंत त्या पोहोचतात. जाताना आठवड्याचे ग्रॅम कागदावर लिहून न्या, आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणून तो कागद खिशात ठेवू नका. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, सुरू झालेला असतानाही त्या तपासण्या नॉर्मल येऊ शकतात.