'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

बायबलच्या जुन्या करारातली विधवा रूथ आणि तिच्याशी लग्न करणारा तिच्या सासरचा नातलग बवाज यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "नातेवाइकाची जबाबदारी वगैरे गोड शब्द कशाला? बवाजाने शेताचा सौदा केला आणि शेतासोबत बाई घेतली. याला माया नाही, व्यवहार म्हणतात. परक्याकडून व्याज घ्यायला मोकळीक देणाऱ्या ग्रंथाकडून आपण काय शिकायचं? लेखकाने जरा अभ्यास करून लिहावं, ही नम्र विनंती."

'नम्र विनंती' हे शब्द मराठीत कधी वापरतात हे आपण दोघेही जाणतो. सोसायटीच्या फलकावर पार्किंगवरून खडसावताना. मतभेदाला माझी ना नाही, इथे लोक माझ्याशी भांडत आलेत आणि मीही त्यांच्याशी. पण मुद्दा मांडायचा तर मांडून मोकळं व्हावं, वर ही मास्तरकी कशाला? तेही टोपणनावाआडून?

एक मान्य. रूथ मवाबी, म्हणजे परमुलखातली, हे मी लेखात फार खाली सांगितलं. ते वर यायला हवं होतं.

आता व्यवहार. तो शब्द तुम्ही शिवीसारखा फेकलात. अहो, व्यवहारच होता तो! बेथलेहेमच्या वेशीत दहा वडीलधारे बसवून, सगळ्यांना साक्षी ठेवून झालेला. रूथची सासू नामी हिच्या मेलेल्या नवऱ्याची जमीन सोडवण्याचा पहिला मान बवाजाहून जवळच्या एका नातलगाचा होता. शेताचं ऐकताच तो 'सोडवतो' म्हणाला. शेताबरोबर रूथचीही जबाबदारी येते आणि मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर चालवायचं आहे, हे कळल्यावर मात्र 'माझ्या वतनाचं नुकसान होईल' म्हणत त्याने खाका वर केल्या आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून वहाण काढून दिली. शेत हवं, विधवा नको. सौदा एवढा फायद्याचा होता, तर हा गृहस्थ उठून का गेला, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आहे? पैसे एकाने घालायचे आणि वारस लागायचा मेलेल्याच्या नावाला. असा धंदा करून बघा एकदा. त्या सावध माणसाचं नावसुद्धा ग्रंथाने नोंदवलेलं नाही.

मुळात तोरातला, म्हणजे यहुदी नियमशास्त्रातला, नियमच कोरडा आहे. त्यातल्या लेवीय या पुस्तकाचा 25 वा अध्याय काढा. भाऊ कंगाल होऊन परक्याला विकला गेला तर त्याला कोणी सोडवायचं याची रांग दिली आहे: भाऊ, चुलता, चुलतभाऊ, नाहीतर कुळातला जवळचा कोणीही. किंमत ठरायची ती योबेल वर्षाला, म्हणजे असे गुलाम सुटायच्या पन्नासाव्या वर्षाला, किती वर्षं उरली ते मोजून. मायेचा उमाळा येईल तेव्हा सोडवा, असं म्हटलेलं नाही, कारण उमाळे येतात आणि ओसरतात. यिर्मया संदेष्ट्याचं बघा. यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा, हा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता. तरी त्याने 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, खत लिहून मोहर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मोहरबंद व उघडी अशी दोन्ही खतं मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितलं. काढा यातून व्यवहार वजा, आणि काय उरतं ते मला कळवा.

राहता राहिलं माझ्या 'अभ्यासाचं'. माझे वडील चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिले होते. काकाने हप्ते थकवले, पतसंस्थेची नोटीस आमच्या दारावर चिकटली, आणि रक्कम वडिलांच्या पगारातून कापली जाऊ लागली. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हती. तोच काका दिवाळीला फराळाला आला तेव्हा मात्र तिने ताट वाढलं, चकली दोनदा विचारली. त्यामुळे कागदावर सही आली की नातं खोटं ठरतं, हे मला कुणी शिकवू नये. नीतिसूत्रांच्या 6 व्या अध्यायात 'जामीन राहिला असशील तर पारध्याच्या हातून हरिणी निसटते तसा निसट' असा सल्ला आहे, तो आईला फार पटला असता. पण त्याच धर्मशास्त्रात यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामीनसाठी, बापापुढे जामीन राहतो आणि वेळ आल्यावर मिसरात (इजिप्तमध्ये) त्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. हाच यहूदा, ज्याने दुसऱ्या भावाला, योसेफाला, विकायची कल्पना काढली होती. पुढे तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सगळ्या इस्राएललाच एकमेकांचे जामीन ठरवलं, तेही एकाच्या पापाने दुसरा अडखळतो असं सांगताना. यात गोड काय आहे, ते तुम्हीच दाखवा.

व्याजाचं म्हणाल, तर तोरातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात ते आहेच, कोण नाकारतंय? पण तो वेगळा विषय आहे, आणि एका ओळीत आख्खा ग्रंथ निकालात काढणाऱ्यांशी त्यावर बोलायला मला सवड नाही. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे लेवीयच्या 19 व्या अध्यायातलं वाक्य तुमच्या नजरेतून कसं सुटलं, हेही मी विचारत नाही.

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. चौथा तरी वाचा आणि मग या. भांडायला मी इथेच आहे.