हसायला पैसे पडत नाहीत, माणसं लागतात

‘दवाखान्यातला स्टाफ हसतमुख असेल तर निम्मा आजार तिथंच पळतो. हसायला काय पैसे पडतात? स्टाफची नाराजी पगार-ड्यूटीमुळं नसते, मानसिकतेमुळं असते. प्रत्येक तक्रारीमागं 100 रुपये कापा, महिन्यात सरळ होतील.’

रविवारी काकांनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर माझी वहिनी आहे, कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात सिस्टर. ती नाईट करून झोपलीय, म्हणून मी लिहितो.

आधी ते 100 रुपये. वहिनीच्या जुन्या दवाखान्यात हा प्रयोग होऊन गेलाय. एका पेशंटच्या सलाईनच्या जागी सूज येत होती. ड्यूटीवरच्या सिस्टरनं वहीत लिहिलंच नाही. लिहिलं की तक्रार, तक्रार झाली की कापलेच. पुढच्या पाळीत वहिनीनं चादर बाजूला केली तर हात कोपरापर्यंत फुगलेला. तक्रारी कमी झाल्या म्हणून वरचे मात्र खूश. साहेब कशावर खूश होतात आणि कशावर कापतात, हे स्टाफला भिंतीवरच्या ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’पेक्षा लवकर कळतं.

ड्यूटीचा संबंध नाही म्हणे! पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 साली छापून आलाय, ऑपरेशनचे सव्वादोन लाखांहून जास्त पेशंट धरून. एका नर्समागं एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त, नर्स कामानं पार पिचून जाण्याची 23 टक्क्यांनी आणि कामावर नाराज असण्याची 15 टक्क्यांनी. अमेरिकेतलं आपल्याला कशाला, म्हणाल. मग आपल्या नर्सिंग कौन्सिलचा नियम घ्या: साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागं एक नर्स. वहिनीकडं परवा रात्री अठरा होते.

निम्मा आजार पळतो, यावर काय बोलायचं? डेंग्यूच्या प्लेटलेट कुणाच्या हसण्यानं वाढत नाहीत.

खेकसणाऱ्या सिस्टर असतात, हे मान्य. आजी अॅडमिट होती तेव्हा एकीनं बेडपॅनवरून तिला नको ते ऐकवलं, मी भांडलोही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात जोडीला अजून एक सिस्टर होती, तर हीच बाई आजीची वेणी घालत बसलेली.

काका, वहिनी चारला उठते. तोवर तो मेसेज डिलीट करा.