उभ्या माणसाची सीट

आज सकाळी पेट्रोल पंपावरच्या पोरानं नळी टाकीत खुपसत अगदी सहज विचारलं, "काका, खाली उशी घेतलीय काय?"

उशी घेतली नव्हती. साडेआठ हजार रुपये घातले होते. पण मागे दोन रिक्षा आणि एक बुलेट हॉर्न वाजवत असताना हे सगळं समजावून सांगता येत नाही. मी नुसतीच नकारार्थी मान हलवली. म्हणजे हलवायला गेलो. डोकं छताला टेकलेलं असल्यामुळे केस तेवढे घासले.

गाडी वडिलांची. प्रीमिअर पद्मिनी, १९८४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढे या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट. त्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला वडिलांच्या आकाराचा एक खड्डा होता. 'त्यात बसलं की वडिलांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं' हे वाक्य मी बरीच वर्षं लोकांना ऐकवत आलो. खरं म्हणजे एका स्प्रिंगेच्या टोकावर बसल्यासारखं वाटायचं. दोन पँटी फाटल्या. कंबर धरली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, गाडी कुठली वापरता? उत्तर ऐकून ते हसले. हसण्याची फी वेगळी लावली नाही, हे उपकार.

तेव्हा सीट नवी करायची ठरली आणि मी उद्यमनगरात एका मिस्त्रीकडे गेलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवला की काहीही बनवून मिळतं, असा आमचा सगळ्यांचा विश्वास आहे. मिस्त्रीचं दुकान आठ बाय दहाचं. त्यात शिलाई मशीन, रेक्झीनचे गठ्ठे, फोमच्या लाद्या आणि मारुतीचा फोटो एवढं बसवल्यावर सीटला जागा उरत नव्हती. म्हणून सीट खोलून फुटपाथवर ठेवली. गाडी नवरदेव उतरलेल्या घोड्यासारखी बाजूला उभी. मी गाडीची दारं लावून परत आलो, त्याला फार तर पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्यात माझ्या सीटवर एक गृहस्थ बसले होते.

पांढरा लेंगा, पांढरी टोपी, हातात चहाचा ग्लास. बसणं असं, की जणू ती सीट आणि ते कुर्ल्याहून एकत्रच आले असावेत.

"बसा की," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी ऑईलच्या उपड्या डब्याकडे बोट केलं. "हितं."

"ती सीट माझी आहे," मी म्हणालो.

"आसंल की. पर आत्ता मी बसलोय न्हवं?"

या युक्तिवादावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. मी डब्यावर बसलो.

मिस्त्री त्यांना आण्णा म्हणत होता. आण्णांचं त्या दुकानात काही काम नव्हतं. ते रोज येतात, जी सीट बाहेर असेल तिच्यावर बसतात, दुपारी जेवायला जातात आणि परत येतात. बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे बसण्यातला अनुभव दांडगा. "गगनबावड्याच्या घाटात," ते मला डब्यावरून न उठू देता सांगू लागले, "निम्मी गाडी बुडानं चालवायची आसती. मागचं टायर बसलं, बूड सांगतंय. लोड एका अंगाला गेला, बूड सांगतंय. आता तुमी घालताय फोम. त्यात बूड झोपतंय. मग सांगायचं कुणी?"

फोम घालायचा हे मी अजून कुणाला बोललोही नव्हतो.

"वजन किती तुमचं?" आण्णांनी विचारलं.

"पंच्याऐंशी."

आण्णांनी ग्लास खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मशीन थांबलं. बुलेटची सीट शिवायला आलेला एक कॉलेजचा मुलगा होता, त्यानं कानातून वायर काढली.

"पंच्याऐंशी न्हाय."

"आहे हो."

"उभं ऱ्हावा जरा. वळा. मागनं वळा." आणि मी, दोन मुलांचा बाप, बँकेत अठ्ठावीस वर्षं सही करून लोकांना कर्जं नाकारलेला माणूस, भर फुटपाथवर उभा राहून वळलो. का वळलो ते मला सांगता येणार नाही. त्या आवाजानं बत्तीस वर्षं 'मागं सरका' म्हटलेलं होतं, आणि लोक सरकले होते.

"पंच्याण्णव," आण्णांनी निकाल दिला. मग माझ्या डोक्यावरून मिस्त्रीला, "मागनं रुंद हाय. पायपिंग बाहेरनं घे, न्हायतर म्हैन्यात उसवंल." कॉलेजच्या मुलानं वायर परत कानात घातली, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही.

वजन ब्याण्णव आहे. पण ते त्यांना सांगायची काय गरज?

मग खोलकाम सुरू झालं. मिस्त्रीनं कटरनं कडेच्या तारेच्या रिंगा एकेक तोडल्या, रेक्झीन सोलून काढलं. आत कापूस, त्याखाली काथ्या, त्याखाली गोणपाट, त्याखाली गंजलेल्या स्प्रिंगा. धूळ इतकी निघाली की समोरचा चहावाला दुकान बंद करायचं म्हणाला. सीटच्या फटीतून वडिलांचा कंगवा निघाला, चार आण्याची तीन नाणी निघाली (२०११ पासून ती कुणी घेत नाही, त्यामुळे मिस्त्रीनं प्रामाणिकपणे परत केली) आणि एसटीचं एक तिकीट निघालं. मी जरा हळवा झालो होतो. आण्णांनी तिकीट उजेडात धरलं.

"ह्ये कुणाचं?"

"वडिलांचं असेल."

"गाडी आसून यस्टीनं?" आण्णांनी मान डोलावली. "मंजे तवाबी बंदच पडायची."

एकूण हळवेपणाला आपल्याकडे फारशी किंमत नाही. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, तेव्हा पेपरांत फोटो आले, लोकांनी डोळे पुसले. डोळे पुसणाऱ्यांतल्या एकानंही माझ्या सीटवर बसून रंकाळा ते कावळा नाका एवढा प्रवास केलेला नाही. दसऱ्याला महाराजांची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा अख्खं कोल्हापूर टाचा उंचावून बघतं. माझी गाडी चौकात आली की 'ओ, डबा कडंला घ्या' असं ऐकू येतं. सरकारी नियमाप्रमाणे विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात. तोवर ती विंटेज नाही, नुसती म्हातारी. म्हातारीचा पर्यावरण कर मात्र बिनचूक भरावा लागतो.

तर फोम. मिस्त्री म्हणाला, "चाळीस डेन्सिटी टाकू." दुकानात 'चाळीस डेन्सिटी' असं म्हणतात ते देवगड हापूस म्हणावं तसं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, इथं चाळीस किलो. कडक की मऊ याचा हिशोब वेगळा असतो, हे मला नंतर कळलं. अशा गोष्टी मला नेहमी नंतरच कळतात.

"स्प्रिंगा काढू नगंस," आण्णा म्हणाले. "दोन मोडल्यात त्या बदल. वर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, आन् मग वर दोन इंच फोम घाल काय घालायचा त्यो. स्प्रिंगंवर नुसता फोम ठेवलास तर सा म्हैन्यात कापून भुगा हुतोय. आन् स्प्रिंगा काढून भरीव फोम घातलास तर ह्यांचं डोसकं छताला."

"आण्णा, आता काथ्या कोण घालत न्हाय," मिस्त्री म्हणाला. "टाईम जातोय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी खरं तेच सांगतो. आण्णांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. स्प्रिंग माणसाच्या वजनानं खाली बसते, तिच्या मोकळ्या उंचीइतका फोम कापला तर तो तेवढा बसणार नाही, हे कुणालाही कळेल. पण ज्या माणसानं माझं वजन चारचौघांत दहा किलोंनी वाढवलं, तो बरोबर आहे असं मी चारचौघांत म्हणणं शक्य नव्हतं.

"स्प्रिंगा काढा," मी म्हणालो. "भंगारात टाका."

आण्णा काही बोलले नाहीत. चहा पीत राहिले.

काम दोन दिवसांचं होतं. आठ दिवस लागले. या आठ दिवसांबद्दल विनोदी काही लिहिता येईल असं मला वाटत होतं, पण येत नाहीये. 'उद्या सकाळी या' हे वाक्य मी सहा सकाळी ऐकलं. फोन उचलायचा नाही, उचलला तर 'तुमचंच हातात हाय' म्हणायचं, आणि आपण तिथे पोचलो की हातात दुसऱ्याचं. पैसे आधी अर्धे घेतलेले. रागवायचं तर हा म्हणणार, 'मग घेऊन जावा.' खोललेली सीट घेऊन माणूस जाणार कुठे? चौथ्या दिवशी तर गाडी रस्त्यातून हलवा म्हणून ट्रॅफिकवाला आला. मिस्त्रीनं मला एक प्लास्टिकचं स्टूल दिलं. त्यावर बसून मी ती गाडी शंभर फूट पुढे नेली. ब्रेक दाबला की गाडी थांबायची, मी आणि स्टूल थांबत नव्हतो. हँडब्रेक ओढून उतरलो तेव्हा ट्रॅफिकवाल्यानं दंड केला नाही. त्याला बहुतेक पावतीवर कारण काय लिहावं तेच कळेना.

आणि दर वेळी माझ्या सीटचा सांगाडा फुटपाथवर, त्यावर फळी, फळीवर गोणपाट, गोणपाटावर आण्णा. एकदा त्यांच्या शेजारी महाद्वार रोडवरून खरेदी करून आलेल्या दोन बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या, रिक्षाची वाट बघत. पद्मिनीच्या पुढच्या सीटवर तिघं आरामात बसतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"सीट कुणाची म्हणायची ही?" त्यातल्या एकीनं विचारलं. "बरी हाय."

आण्णांनी माझ्याकडे हात केला. "ह्या उभ्या माणसाची."

मी मरून रंग आणि उभ्या साध्या पट्ट्या सांगितल्या होत्या, मूळ होत्या तशा. नवव्या दिवशी सीट आली ती काळी, चौकटी टाक्यांची, पिवळ्या दोऱ्यानं शिवलेली. "आता हेच चालतंय," मिस्त्री म्हणाला. गाडीत आता रजई अंथरल्यासारखं दिसतं. बिल वहीच्या कागदावर: रेक्झीन, फोम, दोरा, मजुरी, इतर १८०.

"इतर काय?"

"च्या," मिस्त्री म्हणाला.

पंधरा ग्लास होतात. त्यातले दोन मी प्यालो होतो.

बसलो. भरीव, सपाट, पाटासारखी सीट. पूर्वीपेक्षा सरळ तीन इंच उंच. आरशात मागचा रस्ता दिसायचा तिथे आता माझी हनुवटी. पाय क्लचपर्यंत पोचायला सीट पुढे घ्यावी, तर सीट सलग असल्यामुळे शेजारी बायकोही पुढे सरकते आणि तिचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. गतिरोधक आला की आम्ही दोघंही एकदम "हं" म्हणतो. "अहो, जुनी काय वाईट होती?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी रेडिओ लावला. रेडिओ १९९६ पासून बंद आहे, पण बटण फिरवता येतं.

पेट्रोल पंपावरून आज तसाच उद्यमनगरात गेलो. भांडायचंच ठरवून गेलो होतो. मिस्त्री नव्हता. आण्णा होते, पण फुटपाथवर आज कुणाचीच सीट नव्हती. आण्णा दुकानाच्या कट्ट्यावर एका गुबगुबीत बैठकीवर बसले होते. वर रेक्झीन मरून. उभ्या साध्या पट्ट्या.

मी बघत राहिलो. मग वाकून खालून बघितलं. गोणपाट. गोणपाटाच्या फटीतून गंज खरवडून काळा रंग दिलेल्या स्प्रिंगा.

"दोनच मोडल्या हुत्या," आण्णा म्हणाले. "बाकीच्या झ्याक हुत्या. भंगारात टाका म्हनलासा न्हवं तुमी? मग म्या घेतल्या मागून. काथ्याबी तुमचाच हाय, पिंजून घेतला."

मी काय बोलणार? ते उठले. गेल्या नऊ दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा उठताना पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "बगा बसून."

बसलो. आधी बेताबेतानं खाली गेलो, दोनेक इंच, आणि तिथे ती बैठक थांबली. कंबरेला कुठून तरी आधार आला. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा मी पाठ टेकून श्वास सोडला. समोरून चहावाल्याचं पोरगं दोन ग्लास घेऊन आलं. आण्णांनी एक घेतला, एक मला दिला, आणि पोराला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"पैशे ह्यांच्याकडनं घे." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी घोट दोन घोट घ्या नि उठा आता. माझी जागा हाय ती."