‘बायोस अपडेट करा की झालं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रोसेसर बदलल्यावर पीसी सुरू न होण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया परवा वाचली. राग आला, म्हणून एक दिवस जाऊ दिला. काल पुन्हा वाचली, तर जास्तच आला. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

बाकी वाचकांसाठी प्रतिक्रियेचा गोषवारा असा: लेख पाल्हाळिक आहे, एक तारीख चुकली आहे, इंटेलबद्दल काही नाही, फोटो नाहीत, आणि मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानदारासारखा गिऱ्हाइकाला घाबरवतो. मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: “बी४५० वर ५६०० टाकला आणि डिस्प्ले येत नाही म्हणजे बायोस जुना, अपडेट करा की झालं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, मेव्हण्याचा पीसी मी दहा मिनिटांत चालू करून दिला.” (बी४५० हा एएमडी प्रोसेसरांसाठीच्या मदरबोर्डांचा एक प्रकार, ५६०० म्हणजे एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आणि बायोस म्हणजे पीसी सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम.)

तारखेचं आधी मिटवू. रायझन ५ ५६००एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आला, साधा ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. माझ्या लेखात ‘एक्स’ गळला होता. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार.

आता ते शेंबडं पोर. या लेखाखाली प्रश्न विचारणाऱ्यांत अकरावी-बारावीतली मुलं आहेत. साठवलेल्या पैशांतून प्रोसेसर घेतलेला असतो, पंखे फिरत असतात, पडदा काळा असतो आणि घरचे डोक्यावर उभे असतात. अशा मुलाला “हे कुणालाही कळतं” असं सांगणं ही मदत नव्हे. मला दुकानदार म्हणालात, ते चालेल. सॉकेट ४७८ पासून एएम५ पर्यंत (प्रोसेसर बसायच्या जुन्या-नव्या खोबण्या) या हातांनी प्रोसेसर बसवलेत, त्यामुळे कुठल्या शब्दाला किती किंमत द्यायची ते मला कळतं.

तर ‘अपडेट करा की झालं’. कशाने करा? पीसी सुरूच होत नाही, तर बायोसच्या मेनूत शिरणार कुठून? त्यासाठी एक तर जुना प्रोसेसर परत बसवावा लागतो, नाहीतर बोर्डावर फ्लॅशबॅकचं, म्हणजे पीसी सुरू न करता पेनड्राइव्हवरून बायोस टाकणारं, बटण असावं लागतं. बी४५० च्या अनेक स्वस्त बोर्डांवर ते नसतं. एमएसआयच्या बी४५० टोमाहॉक मॅक्सवर आहे. असेल तर प्रोसेसर नको, रॅम नको, फक्त एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) बोर्डाला जाणारी २४ पिनी आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनी केबल जोडलेली हवी. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, शक्यतो लहान आणि जुन्या २.० प्रकारचा. फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न ठेवता थेट बाहेर, आणि कंपनी सांगते त्याच नावाने: एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’. नाव चुकलं की दिवा दोनचारदा लुकलुकतो, थांबतो, आणि माणूस समजतो की झालं. काहीच झालेलं नसतं. नीट चालू झालं तर पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ वीज जाता कामा नये. पुण्यात राहत असाल तर गुरुवारी हा उद्योग करू नका, किंवा आधी यूपीएस लावा.

पण हे सगळं नंतरचं. आधी, दोष बायोसचाच आहे हे आपल्याला कळलं कसं? ‘डिस्प्ले येत नाही’ हे लक्षण आहे, रोग नव्हे. बी४५० वर ५६०० टाकणाऱ्यांत मोठा गट २२००जी, ३२००जी किंवा ३४००जी काढून तो टाकणाऱ्यांचा असतो. त्या ‘जी’वाल्या प्रोसेसरांत ग्राफिक्स आतच असतं, म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. ५५०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्या एचडीएमआयमधून कधीच काही येणार नाही, बायोस आजचा टाका नाहीतर उद्याचा. गंमत म्हणजे आत विंडोज बिनबोभाट सुरू झालेलं असू शकतं. कीबोर्डावरचं नम लॉक दाबून बघा, दिवा लागत-विझत असेल तर पीसी जिवंत आहे आणि प्रश्न फक्त चित्राचा आहे. हा तपास फुकट आहे आणि दहा सेकंदांचा आहे, आपल्या दहा मिनिटांपेक्षा बराच कमी. ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल कार्डाला लावली आहे का तेही बघा. हसू नका, सवयीने हात बोर्डाकडेच जातो.

दुसरा गट ८ पिनी केबल विसरणाऱ्यांचा. कूलर काढताना हात शिरत नाही म्हणून प्रोसेसरची ४+४ केबल सोडवतात आणि परत लावायची राहते. २४ पिनी लावलेली असल्यामुळे पंखे फिरतात, आरजीबी दिवे चमकतात, आणि प्रोसेसरला वीजच नसते. बोर्डावर चार छोटे दिवे असतील (सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट) तर सीपीयूचा दिवा लागून राहतो. आणि हीच मेख आहे, कारण बायोस जुना असला तरी तोच दिवा लागून राहतो. घाईत ग्राफिक्स कार्डाची ६+२ केबल प्रोसेसरच्या खोबणीत कोंबू नये हेही मी लिहिलं होतं. दोन्हींत १२ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या तारा उलट्या बाजूंना असतात. आपण याला घाबरवणं म्हणता.

तिसरा गट वाकलेल्या पिनांचा. एएम४ (बी४५० चं सॉकेट) प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात. बॉक्समधल्या कूलरची पेस्ट दोनतीन वर्षांत सुकून गोंदासारखी होते. कूलर सरळ वर ओढला की खटका लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर बाहेर येतो. म्हणून पीसी दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करायचा, बंद करून प्लग काढायचा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवायचा. तरी उपटून आलाच, तर पिना उजेडात तिरक्या धरून ओळीने बघायच्या. वाकलेली पिन जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने किंवा शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या नळीने थोडी थोडी सरळ होते, एका झटक्यात नव्हे. परत बसवताना खटका पूर्ण वर, सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणासमोर, आणि प्रोसेसर आपल्या वजनानेच आत बसला पाहिजे. दाबावा लागतोय म्हणजे पिन अजून वाकडी आहे. आता सांगा, पिन वाकडी असताना बायोस अपडेट करून काय सरळ होणार होतं?

चौथा गट काहीच न बिघडलेल्यांचा. नवा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करतो. डीडीआर४ वर एखादं मिनिट पडदा काळा राहतो, कधी पीसी आपोआप बंद होऊन दोनतीनदा सुरू होतो. एएम५ आणि डीडीआर५ वर तर काही मिनिटं जाऊ शकतात. या वेळात घाबरून बटण दाबून बंद केलं की जुळणी पहिल्यापासून. पाच मिनिटं हात बांधून बसा, एवढंच करायचं असतं. नाहीच आलं तर रॅमची एकच कांडी ठेवायची, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत.

सीमॉसचा (बायोसची सेटिंग्ज जपणाऱ्या मेमरीचा) सेल काढण्याला आपण ‘जुनाट तोडगा’ म्हटलंत. जुन्या प्रोसेसरसाठी हाताने ठेवलेलं व्होल्टेज, वाढवलेला वेग, रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (वाढीव वेगाचं तयार सेटिंग), हे सगळं बोर्ड लक्षात ठेवतो. नव्या प्रोसेसरला ते मानवलं नाही तर सुरुवातच अडते. अनेक बोर्ड नवा प्रोसेसर ओळखून एफ १ दाबा म्हणतात, काही म्हणत नाहीत. प्लग काढून, पॉवरचं बटण एकदोनदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, आणि क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने पाच-दहा सेकंद जोडायच्या. पिना सापडत नसतील तर सेल काढून पाच मिनिटं थांबायचं. तोडगा जुनाट आहे, मान्य. पाण्याची बाटली धुणंही जुनाटच आहे.

याचा तोटाही मी सांगितला होता, तो आपण वाचला नसावा. सेटिंग पुसलं की सीएसएमही (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सेटिंग) मूळ अवस्थेत जातं आणि नव्या बायोसमध्ये ते बहुधा बंद असतं. विंडोज जुन्या पद्धतीने एमबीआर डिस्कवर टाकलेलं असेल तर डिस्क दिसते पण बूट होत नाही. बरंच जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर चित्रच येत नाही. शिवाय प्रोसेसर बदलला की एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी जागा) ‘वाय’ की ‘एन’ असा प्रश्न पडद्यावर येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असताना ‘वाय’ दाबलं तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती कुठेच जपून ठेवलेली नसेल तर दहा मिनिटांत पीसी सुरू होतो आणि फाइली कायमच्या जातात.

बायोस जुना असतोच, हे मी कुठे नाकारलं? बी४५० बोर्ड २०१८ चा, ५६०० त्याच्या जवळपास चार वर्षांनंतरचा. ५००० मालिका बी४५० वर चालणार नाही असं एएमडीने मे २०२० मध्ये आधी सांगितलं, लोक भडकल्यावर माघार घेतली, आणि त्या बोर्डांचे बीटा (चाचणीचे) बायोस २०२० च्या अखेरीपासून येऊ लागले. त्याआधीचा बायोस असेल तर ५६०० ओळखलाच जाणार नाही. पण हे कळायला नवा प्रोसेसर बसवायची गरजच नसते. जुन्यावर चालू असतानाच विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा, बायोसची आवृत्ती बघा, आणि कंपनीच्या पानावरच्या प्रोसेसरांच्या यादीत ५६०० समोरच्या आवृत्तीशी ताडून पाहा. मागे असाल तर तेव्हाच अपडेट करा. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ती त्याच पानावर बारीक अक्षरांत असते. बायोसच्या १६ एमबीच्या चिपवर सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, म्हणून नव्या बायोसमधून काही जुने काढून टाकलेले असतात. ए-मालिकेचा एएम४ प्रोसेसर असलेल्याने अपडेट केलं आणि नवा प्रोसेसर अजून कुरिअरवाल्याकडेच आहे, तर पीसी तोवर बंद. ‘अपडेट करा की झालं’ म्हणणाऱ्याने हे सांगायला हवं की नको?

फोटो नाहीत, कारण दिव्यांची जागा प्रत्येक बोर्डावर वेगळी असते. इंटेलचं कधीतरी स्वतंत्र लिहीन. पाल्हाळाबद्दल बोलत नाही, ज्याला दोन ओळी पुरतात त्याने दोन ओळी वाचाव्यात.

राहिला मेव्हण्यांचा पीसी. तो सुरू झाला याचा आनंद आहे. पण आपण तो चालू केलात कसा ते लिहिलंच नाहीत. फ्लॅशबॅकने, की जुना प्रोसेसर परत घालून? जुना परत घातला असेल तर त्या निमित्ताने कूलर, ८ पिनी केबल आणि रॅम, तिन्ही आपल्या हातून पुन्हा बसली. मग पीसी नक्की कशाने सुरू झाला? बोर्डाचं नाव, अपडेटच्या आधीची बायोस आवृत्ती आणि तेव्हा कुठला दिवा लागत होता, एवढं कळवा. जुना प्रोसेसर ‘जी’वाला होता का, तेही.